नव्या गाड्या आल्या, तार पोचलीच नाही: ब्रिटनची रेल्वे सुधारायला एवढा वेळ का लागतो?

मे २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी कंपन्यांकडची प्रवासी रेल्वेसेवा एकेक करून पुन्हा सरकारच्या ताब्यात येऊ लागली. सुरुवात साउथ वेस्टर्न रेल्वेपासून झाली, मग सी-टू-सी, मग ग्रेटर अँग्लिया. पुढे रूळ आणि गाड्या दोन्ही एकाच संस्थेकडे द्यायचं ठरलंय, तिचं नाव ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’. या बातम्यांमध्ये तीन गोष्टी हटकून येतात: नव्या गाड्या, विद्युतीकरण आणि डिजिटल सिग्नलिंग. वाचताना वाटतं, ही तीन वेगळी कामं आहेत, पैसे हातात आले की एकेक उरकायचं. प्रत्यक्षात ती एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की एक रखडलं की बाकीच्या दोहोंवर घातलेला पैसाही अडकून पडतो. ब्रिटनने गेल्या पंधरा वर्षांत याची जबर किंमत मोजली आहे.

## गाडीला ताकद कुठून मिळते

डिझेल गाडी आपलं वीजघर स्वतःच्या पोटात घेऊन धावते. इंजिन डिझेल जाळतं, बऱ्याच गाड्यांत त्यातून वीज तयार होते आणि तिच्यावर मोटारी फिरतात. विजेच्या गाडीला हे ओझं नसतं. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, छतावरचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेला टेकणारा सांगाडा, तो उचलतो, मोटारी फिरतात आणि प्रवाह रुळांतून परत जातो. लंडनच्या दक्षिणेला मात्र तार नाही. तिथे रुळांच्या शेजारी तिसरा रूळ असतो आणि त्यात ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो.

विजेच्या गाडीला इंधनाची टाकी आणि अवजड इंजिन वाहावं लागत नाही, म्हणून ती स्टेशनातून झटकन वेग घेते. ब्रेक लावताना तिच्या मोटारी उलट वीज तयार करतात आणि ती तारेत परत जाते. जिथे थांबे जवळजवळ असतात तिथे प्रत्येक थांब्यामागे वेळ वाचतो आणि त्याच रुळांवर जास्त गाड्या बसतात. देखभालही कमी लागते. असं असूनही ब्रिटनमधल्या एकूण मार्गांपैकी चाळीस टक्क्यांहून कमी मार्गांवर वीज आहे.

## ग्रेट वेस्टर्नची गोष्ट

लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल, कार्डिफ आणि स्वान्सीकडे जाणारा हा मार्ग. १९७६ पासून इथे ‘इंटरसिटी १२५’ या डिझेल गाड्या धावत होत्या. जुलै २००९ मध्ये सरकारने जाहीर केलं की हा मार्ग स्वान्सीपर्यंत विजेवर आणायचा. सोबतच जपानच्या हिताची कंपनीकडून नव्या गाड्या घ्यायचं ठरलं. त्यांची जोडणी इंग्लंडच्या ईशान्येला, काउंटी डरहॅममधल्या न्यूटन एक्लिफच्या कारखान्यात होणार होती. काही गाड्या निव्वळ विजेच्या होत्या आणि काही दुहेरी, म्हणजे तार असेल तिथे विजेवर आणि नसेल तिथे डिझेलवर चालणाऱ्या.

गाड्यांचा करार २०१२ मध्ये झाला. गाड्या कधी मिळणार आणि पैसे कधी द्यायचे, हे त्यात बांधलेलं होतं. तार टाकण्याचं काम नेटवर्क रेल या दुसऱ्या संस्थेकडे होतं, कारण ब्रिटनमध्ये रूळ एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे आणि सेवा चालवणं तिसऱ्याकडे अशी वाटणी झाली होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये या प्रकल्पाची झाडाझडती घेतली. गाड्या, तार आणि बाकीची कामं एकत्र धरून हिशोब मांडणारा प्रस्ताव परिवहन खात्याने केला तो मार्च २०१५ मध्ये, असं त्यात आढळलं. तोवर गाड्या मागवून दोन वर्षांहून जास्त झाली होती आणि तारेचं काम सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर बाब वाटते. बाकीचं बरंचसं हिच्यातूनच निघालं.

तारेचा खर्च २०१३ मध्ये ८७ कोटी पौंडांच्या आसपास धरला होता. २०१६ पर्यंत तो २८० कोटी पौंडांवर गेला. अंदाज बांधताना आराखडे पुरते झालेले नव्हते. खांबांचे पाये घ्यायला गेले तर जमिनीखाली जुन्या सिग्नलच्या केबल निघाल्या आणि त्या नेमक्या कुठून गेल्यात याच्या नोंदी धड नव्हत्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कित्येक पूल उचलावे लागणार होते किंवा पाडून पुन्हा बांधावे लागणार होते. खांब रोवायला जर्मनीहून एक खास यंत्रगाडी आणली, पण ती ठरल्या वेगाने चाललीच नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिस्टल, बाथ आणि ऑक्सफर्डचे टप्पे पुढे ढकलले. जुलै २०१७ मध्ये कार्डिफ ते स्वान्सी हा टप्पा रद्दच झाला. गाड्या तर तयार होत होत्या. मग निव्वळ विजेच्या म्हणून मागवलेल्या गाड्यांच्या डब्यांखाली डिझेल इंजिनं बसवायचा निर्णय झाला. तारेला झालेल्या उशिरापायी खात्याला ३३ कोटी पौंडांपर्यंत भुर्दंड पडेल, असं लेखापरीक्षकांनी लिहिलं. आज लंडनहून बाथमार्गे ब्रिस्टलला जाणारी गाडी चिपनहॅमच्या पुढे पेंटोग्राफ खाली घेते आणि डिझेल सुरू करते. त्याआधीचं सगळं अंतर ती इंजिनं नुसतं वजन म्हणून वाहिलेली असतात.

## एका पुलाची अडचण

तार टाकणं वाटतं तेवढं साधं का नाही, हे ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हन्टन गावात चांगलं कळतं. तिथे रुळांवरून जाणारा एक जुना दगडी पूल आहे, रेल्वे आली त्या काळातला. त्याला वारसा वास्तू म्हणून संरक्षण आहे. पुलाखालून तार न्यायची तर ती खाली घ्यायला हवी, आणि पुलापासून व गाडीच्या छतापासून सुरक्षित अंतरही राखायला हवं, कारण २५,००० व्होल्टची वीज थोडी पोकळी सहज ओलांडते.

एवढंच असतं तरी जमलं असतं. पण पुलापासून थोड्या अंतरावर रस्त्याची रेल्वे फाटकं आहेत. फाटकावरून उंच ट्रक जातात, म्हणून तिथे तार बरीच वर असावी लागते. म्हणजे पुलाखाली तार खाली आणि लगेच पुढे वर. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या पेंटोग्राफला हा चढ पाळता येत नाही. तो तारेपासून सुटतो, ठिणग्या उडतात, तार झिजते आणि वेळ आली तर तुटते.

नेटवर्क रेलला पूल पाडायचा होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. सुरुवातीला तिथे विजेवरच्या गाड्यांना ताशी ९६ किलोमीटरची मर्यादा घातली गेली. नंतर पुन्हा गणित मांडून आणि प्रत्यक्ष चाचण्या घेऊन लक्षात आलं की तारेची मांडणी थोडी बदलली तर ताशी १७७ किलोमीटरने जाता येतं. पूल वाचला आणि वेगही बराचसा मिळाला. ही चाचणी आधी झाली असती तर कितीतरी वर्षांचं भांडण टळलं असतं.

कार्डिफमध्ये पुढे असाच प्रश्न आला तेव्हा पूल पाडला नाही. त्याच्या पोटाला वीजरोधक लेप दिला आणि विजेचा अचानक येणारा लोंढा जिरवणारी उपकरणं बसवली. ग्रेट वेस्टर्नवर चुकतमाकत मिळालेलं हे ज्ञान पुढच्या प्रत्येक कामाला उपयोगी आहे. मात्र ते ज्यांच्या हातात आहे ते लोक पुढच्या कामावर असायला हवेत.

## काम थांबवलं की महाग का पडतं

लंडन ते एडिंबरो हा पूर्वेकडचा मार्ग १९९१ मध्ये पूर्ण विजेवर आला. त्यानंतर जवळपास वीस वर्षं जुन्या मार्गांवर मोठं विद्युतीकरण निघालंच नाही. या काळात जाणते अभियंते निवृत्त झाले, टोळ्या पांगल्या, यंत्रं भंगारात गेली. मग एकदम अनेक मार्गांची घोषणा झाली आणि सगळं नव्याने शिकायची पाळी आली.

विहीर खणायला यारी आणि गडी लावावेत, अर्ध्यावर काम बंद करावं आणि पाच वर्षांनी पुन्हा सुरू करावं, तसा हा प्रकार आहे. यारी पुन्हा आणायची, गडी नवे शोधायचे, मधल्या काळात ढासळलेली माती आधी काढायची, आणि खडक कुठे लागला होता हे सांगणारा माणूस गावात राहिलेला नसतो.

स्कॉटलंडने हे टाळलं. एडिंबरो–ग्लासगो मार्गावर २०१७ मध्ये विजेच्या गाड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये स्टर्लिंग, डनब्लेन आणि अॅलोआ जोडले गेले, २०२३ मध्ये बॅरहेड. लहान-लहान टप्पे, एकामागून एक. ब्रिटिश रेल्वे उद्योगाच्या संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला. काम असं सलग ठेवलं तर खर्च एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. संघटनेचा यात स्वार्थ आहे हे खरं, पण स्कॉटलंडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

स्वस्तात उरकण्याचाही एक धडा आहे. १९९१ च्या त्या मार्गावर पैसे वाचवायला बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना खांब उभारून मध्ये आडव्या दोऱ्या ताणल्या आणि चारही रुळांच्या तारा त्यांच्यावर टांगल्या. वादळात एका रुळावरची तार पडली तर दोरीच्या ओढीने चारही रुळांचा कारभार ठप्प होऊ शकतो. नव्या कामात प्रत्येक रुळाची तार शक्यतो स्वतंत्र आधारावर ठेवतात.

## सिग्नल: वेगाची खरी लगाम

रेल्वेचं मूळ तत्त्व असं की रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. टप्प्याच्या तोंडाशी सिग्नल असतो. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा आणि लाल असा क्रम असतो, म्हणजे चालकाला दोन सिग्नल आधीच थांबायची सूचना मिळते. हे अंतर सर्वांत वेगवान आणि सर्वांत उशिरा थांबणाऱ्या गाडीच्या हिशोबाने ठेवावं लागतं. लहान, चटकन थांबणाऱ्या लोकललाही तेवढंच अंतर सोडावं लागतं आणि रुळांवरची जागा वाया जाते.

वेगाचाही प्रश्न आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी पूर्वेकडच्या मार्गासाठी ‘क्लास ९१’ ही इंजिनं बांधली ती ताशी २२५ किलोमीटरसाठी. पीटरबरोच्या उत्तरेला त्यासाठी लुकलुकणारा हिरवा सिग्नल बसवून चाचण्याही झाल्या. पण एवढ्या वेगात रुळांकडेचा दिवा चालकाच्या नजरेतून निसटू शकतो, म्हणून ताशी २०० किलोमीटरच्या वर सिग्नल चालकाच्या केबिनमध्येच दिसला पाहिजे असा दंडक झाला. ती व्यवस्था आलीच नाही. त्यामुळे प्रवासी सेवेत ती इंजिनं आयुष्यभर २०० नेच धावली. हिताचीच्या नव्या गाड्याही २२५ साठी घडवलेल्या आहेत आणि त्याही २०० वरच अडलेल्या आहेत.

युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम, म्हणजे ईटीसीएस, ही ती केबिनमधली व्यवस्था. रुळांच्या मधोमध पिवळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. गाडी त्यांच्यावरून गेली की तिला आपली नेमकी जागा कळते. नियंत्रण केंद्र रेडिओवरून सांगतं, ‘इथपर्यंत जायची परवानगी आहे.’ गाडीतला संगणक स्वतःच्या ब्रेकच्या क्षमतेनुसार कुठे किती वेग चालेल हे काढतो आणि चालकाने तो ओलांडला तर स्वतः ब्रेक लावतो. आपल्याकडचं ‘कवच’ याच कुळातलं.

लंडनमध्ये थेम्सलिंकच्या मध्यवर्ती टप्प्यात २०१८ पासून यावर स्वयंचलित चालनही आहे: चालक दरवाजे बंद करून बटण दाबतो आणि पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी संगणक नेतो. तासाला एका दिशेने २४ गाड्यांसाठी ती व्यवस्था आखलेली आहे. लंडनमधल्याच मूरगेट ते फिन्सबरी पार्क या टप्प्यावर तर २०२४ मध्ये रुळांकडेचे सिग्नल काढूनच टाकले. आता पूर्वेकडच्या मार्गावर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनापासून ग्रँथमच्या अलीकडच्या स्टोक बोगद्यापर्यंत, सुमारे १६० किलोमीटरवर, हेच काम चालू आहे. त्यासाठी २०२२ मध्ये १०० कोटी पौंड जाहीर झाले. इथेही जुनीच गाठ आहे: सिग्नल बदलले तरी त्या मार्गावरच्या प्रत्येक गाडीत, मालगाडीच्या प्रत्येक इंजिनात यंत्र बसायला हवं आणि प्रत्येक चालक शिकायला हवा. ‘टोर्नेडो’ नावाच्या वाफेच्या इंजिनावरही ते बसवायचं काम हाती घेतलं गेलं.

## सिग्नलच्या कामात घाई का चालत नाही

१२ डिसेंबर १९८८. सोमवारची सकाळ, लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक प्रवासी गाडी थांबलेल्या गाडीवर मागून आदळली. ३५ माणसं गेली. तेव्हा तिथे जुने सिग्नल बदलून नवे बसवायचं काम चालू होतं. दोन आठवड्यांपूर्वी एका तंत्रज्ञाने जुनी तार एका टोकाला सोडवली, पण कापून टाकली नाही आणि तिचं उघडं टोक तसंच राहिलं. आदल्या दिवशी शेजारी काम करताना ती हलली आणि जुन्या जागी टेकली. पुढे गाडी उभी असतानाही मागचा सिग्नल लाल होईना.

चौकशीत कळलं की त्या तंत्रज्ञाने तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी घेतली होती आणि त्याचं काम दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलं नव्हतं. तेव्हापासून सिग्नलच्या कामात तपासणीचे नियम कडक झाले. मेगाब्लॉक लांबला की लोक चिडतात, मुंबईत आणि लंडनमध्येही. त्या लांबलेल्या वेळात एकेक जोडणी पुन्हा तपासली जात असते.

## मग संगणकावर विश्वास ठेवायचा का

ही शंका रास्त आहे. वेल्समधल्या केंब्रियन मार्गावर ईटीसीएस आधीपासून आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे एका रात्री प्रणाली पुन्हा सुरू झाली तेव्हा तात्पुरत्या वेगमर्यादांची माहिती गाड्यांपर्यंत गेलीच नाही. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र सगळं जागेवर दिसत होतं. सकाळी एक गाडी ३० ची मर्यादा असलेल्या फाटकाजवळ ताशी ८० च्या वेगाने आली. चालकाच्या लक्षात आलं आणि त्याने कळवलं, म्हणून दोष उघड झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच मार्गावर टॅलेर्डिगजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन एक प्रवासी दगावला. तिथे चाकं रुळांवर घसरली आणि गाडी थांबायच्या जागेच्या पुढे गेली. चाकांखाली वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या. रूळ निसरडे असतील तर संगणकाचं गणितही तोकडं पडतं. तरीसुद्धा लाल सिग्नल ओलांडून होणाऱ्या अपघातांवर याहून परिणामकारक उपाय नाही. १९९९ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला तशाच चुकीतून ३१ जीव गेले होते.

## तारेऐवजी बॅटरी का नाही

काही ठिकाणी जरूर. लिव्हरपूलजवळ हेडबोल्ट लेनच्या नव्या स्टेशनापर्यंत २०२३ पासून बॅटरीवरच्या गाड्या जातात, त्यामुळे तिसरा रूळ वाढवावा लागला नाही. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांमध्ये अवघड पुलांखाली तारेत वीजच ठेवलेली नाही. तेवढं अंतर गाडी बॅटरीवर काढते, पूल शाबूत राहतो. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. पण ताशी २०० किलोमीटरने तासन्‌तास धावणारी गाडी किंवा हजार-दोन हजार टनांची मालगाडी बॅटरीवर ओढणं आज परवडत नाही. फेलिक्सस्टो या मोठ्या कंटेनर बंदरातून निघणाऱ्या मालगाड्या वाटेत कित्येक किलोमीटर तारेखालून जातात आणि तरी डिझेलच जाळतात, कारण अधलेमधले तुकडे तारेविना आहेत.

## आपल्याकडे झालं, तिकडे का नाही

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. आज भारतातलं जवळजवळ सगळं ब्रॉडगेज विजेवर आहे आणि कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये पूर्णपणे विजेवर आली. कोकणातले बोगदे १९९० च्या दशकात खोदलेले. ब्रिटनचे बोगदे आणि पूल जगात सर्वांत आधी बांधले गेले, लहान डब्यांच्या मापाने, म्हणून डोक्यावर जागाच कमी. सेव्हर्न नदीखालचा सात किलोमीटरचा बोगदा १८८६ चा आहे आणि आजही त्यातून रोज कोट्यवधी लिटर पाणी उपसावं लागतं. कार्डिफपर्यंत जानेवारी २०२० मध्ये वीज पोचली तरी त्या बोगद्यातली यंत्रणा गंजाच्या तक्रारींमुळे जूनपर्यंत चालू झाली नाही. मजुरी, जमीन, परवानग्या यांतही फरक आहे. पण सर्वांत मोठा फरक सातत्याचा: स्वातंत्र्यानंतर भारतात हे काम दशकानुदशकं बंद पडलं नाही.

## आता काय चाललंय

मँचेस्टर, हडर्सफील्ड, लीड्स आणि यॉर्क जोडणाऱ्या मार्गाच्या विद्युतीकरणाची घोषणा २०११ ची. २०१५ मध्ये काम थोपवलं, पुन्हा सुरू केलं, व्याप्ती अनेकदा बदलली. आता संपूर्ण मार्गावर वीज, जास्त रूळ आणि नवे सिग्नल एकत्र आखून सुमारे १,१०० कोटी पौंडांचं काम चालू आहे. तिन्ही गोष्टी एकाच आराखड्यात आहेत, ही त्यातली जमेची बाजू.

गाड्या एकट्याने काही करू शकत नाहीत हे साउथ वेस्टर्नलाही कळलं. तिथे तिसरा रूळ केव्हाचा होता. तरी २०१७ मध्ये मागवलेल्या नव्वद नव्या गाड्यांपैकी पहिलीने प्रवासी घेतले ते जानेवारी २०२४ मध्ये. सॉफ्टवेअर, चाचण्या आणि चालकांचं प्रशिक्षण यांत वर्षं गेली. आता रूळ आणि गाड्या एका संस्थेकडे आल्यावर असा खोळंबा कमी व्हायला हवा, कारण जबाबदारी ढकलायला दुसरी कंपनी उरणार नाही. पण पैसा किती आणि कधी मिळणार, हे अर्थखातंच ठरवणार.

आणि तिथेच माझी काळजी आहे. लंडन–शेफिल्ड मार्गावर २०२१ मध्ये कॉर्बीपर्यंत वीज गेली, मग २०२४ मध्ये लेस्टरच्या दक्षिणेला विग्स्टनपर्यंत. जुलै २०२५ मध्ये सरकारने पुढचं काम पुन्हा थांबवलं. लेस्टर, डर्बी, नॉटिंगहॅम आणि शेफिल्ड तारेविना राहिले. या मार्गासाठी २०१९ मध्येच तेहेतीस दुहेरी गाड्या मागवून ठेवल्या आहेत, पाच डब्यांच्या प्रत्येक गाडीत चार डिझेल इंजिनं. तार येणार नाही असं धरून केलेली ही तजवीज. आता याच गाड्या दाखवून पुढचं सरकार म्हणू शकतं की डिझेलवर चालतंय ना, मग तारेची घाई कशाला?